कांड्यांच्या टोपलीतला चष्मा

बाबा, आज मी डोळे तपासायला गेले होते. माझा जाडजूड नंबर पाहून तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, "खूप शिकलेल्या लोकांत हे जास्त दिसतं." मला हसूच आलं. हा शोध आईनं त्या डॉक्टरीणबाईच्या जन्माआधीच लावला होता. "पुस्तकानं पोरीचे डोळे खाल्ले," असं ती उठताबसता म्हणायची. आपल्या विणकरांच्या गल्लीत कॉलेजात जाणारी मी एकटी, आणि चष्मेवालीही मीच.

तुम्हाला मात्र त्या चष्म्याचं कोण कौतुक. तो घेऊन बर्डीच्या बाजारातून परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालताय आणि मी रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्यानं वाचतेय. एक संपली की तुम्ही म्हणता, "अजून वाच वं." माणसं वळून बघतात. इतका आनंद मला पुढे एम.ए. झाल्यावरही झाला नाही.

मग मला पाहायला पाहुणे आले. आधीचं एक स्थळ चष्म्यावरूनच मोडलेलं, म्हणून आईनं या वेळी तो काढून लपवला. लग्नानंतर शिकू देणारं ते पहिलंच घर होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून मीही गप्प राहिले. चहा घेऊन बाहेर आले तर सगळे पांढरे सदरे सारखेच. वाकून पाया पडले ते शेजारच्या काकांच्या. "मी तं इथलाच आहो वं," काका पुटपुटले.

तुम्ही उठलात. हातमागाजवळ सूत गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली होती, तिच्यात तळाशी दडवलेला चष्मा काढलात, धोतरानं पुसलात. आई डोळे वटारतेय. "पोरगी दाखवून राहिलो का लपवून राहिलो?" तुम्ही तिला विचारलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "घाल वं बाई. वाचून आला हाय, चोरून नाही आणला."

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात मुलानं खिशात हात घातला आणि स्वतःचा चष्मा काढला, माझ्याहून जाड. "मलेही आईनंच काढाले लावला," तो म्हणाला. सगळ्यांत आधी त्याची आईच हसली, आणि लग्न तिथेच ठरलं.

त्या मुलाचे आता आजोबा झालेत. नातवंडांना हे अजून रंगवून सांगतात, "चष्मा घातल्याबरोबर तुमच्या आजीनं पहिल्यांदा मलाच पाहिलं." मी मान डोलावते. आत्ता चष्मा बाजूला ठेवून हे लिहितेय, जवळचं मला असंच छान दिसतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं सांगते. त्या दिवशी चष्मा घातला तेव्हा मी आधी तुमच्याकडे पाहिलं होतं. धोतराचं टोक अजून तुमच्या मुठीतच होतं.