उलटा वाचलेला शिंपी

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे आणि वेळेवर जेवते. हे आधीच सांगितलं, म्हणजे आई पुढचं निवांत ऐकेल.

ऑफिसशेजारच्या वाचनालयातून ड्रॅगनची एक जाडजूड कादंबरी आणली. ड्रॅगन झकास आहे, पण सहाशे पानं सैन्य चालतं आणि त्यांचा स्वयंपाक कोण करतं, याचा पत्ता नाही. दुसरं पुस्तक यशस्वी कसं व्हावं याचं. तुम्ही ते एका वाक्यात सांगितलं असतंत, तेही शिलाई मशीन न थांबवता.

मग एक जपानी चित्रकथा आणली, तिला मांगा म्हणतात. मुखपृष्ठावर शिंपी होता म्हणून उचलली. आत बोलणं नाहीच, नुसती चित्रं. अंथरुणाला खिळलेला शिंपी हळूहळू उठून बसतो, त्याचा खोकला जातो आणि शेवटी तो दुकान उघडतो. मला फार आवडली.

परत करताना ग्रंथपालबाई हसल्या. "अगं, ही मागच्या पानापासून वाचायची. तू सगळी उलटी वाचलीस!"

घरातली पहिली पदवीधर आणि ही अक्कल! आईला हसू द्या.

खोलीवर आणून पुन्हा सुलटी वाचली. तो दुकान उघडतो, खोकल्याकडे काणाडोळा करतो. पुढचं लिहीत नाही.

बाबा, तुमच्या तिन्ही पत्रांत "मी ठणठणीत" आहे, पण छातीच्या फोटोबद्दल एक अक्षर नाही. आता पत्राची सुरुवात तिथूनच करा. जे असेल ते सुलटं लिहा, मी वाचेन.

तुमची,
थोरली