भात्याकडची बाजू

अंधेरी (पश्चिम),
२२ ऑगस्ट १९८६

चि. लवू यास,
ताईचे आशीर्वाद, आज नेहमीपेक्षा जरा हात राखून. वि. वि.

तुमच्या मुलुंडच्या मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका तुझ्या नंदाने पोस्टाने पाठवली. मी ती चहाबरोबर वाचायला घेतली आणि चहा तसाच निवला. पान एकतीस, वर लोणच्याची जाहिरात, खाली बनियनची, आणि मध्ये तुझा लेख: 'मांद्रेकरबाईंना मी पेटीची साथ केली तेव्हा'. शेजारी तुझा फोटो, टोपी घातलेला. टोपी कधीपासून घालायला लागलास?

तू लिहिलं आहेस की १९५० साली गुरुवारचं भजन चाललेलं असताना सरोजिनी मांद्रेकरांची गाडी घोडबंदर रोडवर आपल्या आंबोलीच्या चाळीसमोर पंक्चर झाली. त्या प्यायला पाणी मागत आत आल्या, बाबांनी केलेल्या बाकावर बसल्या आणि चाक बदलून होईपर्यंत त्यांनी दोन अभंग म्हटले. इथवर खरं. पुढे म्हणतोस, बाईंच्या चेहऱ्यावरचा एकेक भाव टिपत मी साथ करत गेलो. अरे, कुठल्या चेहऱ्यावरचा? तू बाईंकडे पाठ करून बसला होतास!

विसरला असशील तर सांगते. पेटी सहदेवकाका वाजवायचे. एवढी मोठी गायिका समोर पाहून त्यांच्या हातांना असा घाम सुटला की धोतराला हात पुसत जे बाहेर गेले ते गाडी गेल्यावरच परत आले. मग बाबांनी मला बसवलं. बाबा कॉन्व्हेंटची बाकं दुरुस्त करायचे म्हणून तिथे मला फीशिवाय घेतलं होतं, आणि सिस्टरकडून मी पियानो शिकले होते. आपल्या पेटीच्या भात्याची स्प्रिंग मेलेली. एका हाताने ढकललेला भाता परत म्हणून येत नसे. त्यामुळे मी पियानोसारखे दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि तू हाफपँटीत पलीकडे, माझ्यासमोर बसून दोन्ही हातांनी भाता हलवत होतास. सहदेवकाकांच्या वेळीही ते काम तुझंच असायचं. याला साथ म्हणतात? मग पालखीपुढे दिवटी धरणाराही पुजारीच म्हणायचा.

जाताना बाई म्हणाल्या होत्या की ही पेटी माझ्याबरोबर श्वास घेत होती, असं फार थोड्यांना जमतं. तेसुद्धा तू छापलंस, स्वतःच्या नावावर. लवू, पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि सासरी पेटीचं नाव काढायची सोय नव्हती. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्त होताना घड्याळ मिळालं, ते सहा महिन्यांत बंद पडलं. बाईंचं ते एक वाक्य मात्र छत्तीस वर्षं चालू आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही रे. आणि तू तेच उचललंस?

चौदा सप्टेंबरला बाई स्वतः मुलुंडला येणार आणि 'जुन्या साथीदाराचा' सत्कार होणार, असंही छापलं आहे. मी येणार. पहिल्या रांगेत बसणार आणि भर सभेत उभी राहणार.

लोभ आहे, पण सध्या कडीकुलपात आहे.
तुझी ताई,
सुलक्षणा


मुलुंड (पूर्व),
२८ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,
लवूचा शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. टोपी फोटोवाल्याची. नंदा म्हणाली, टकलावर फ्लॅश चमकतो.

ताई, लेखात तुझं नाव होतं. आमचे चिटणीस काशीराम म्हणाले, अहो, एका पेटीवर दोघं जण म्हणजे काय सर्कस आहे का, लोक हसतील ना. पण त्यांनी ते खोडलं नाही. पेन माझ्या हातात दिलं. मी खोडलं. हात थरथरला वगैरे काही नाही, चांगली सरळ रेघ मारली.

का, ते सांगतो. संपानंतर गिरणी गेली. चार वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलून देतो. मंडळात मी खुर्च्या मांडणारा माणूस. लेख आल्यापासून बिल्डिंगमधले लोक जिन्यात थांबून बोलायला लागले. वरच्या मजल्यावरचे शिवदास, ज्यांनी मला कधी नमस्कार केला नव्हता, ते घरी येऊन चहा पिऊन गेले. नंदाने इस्त्रीची साडी नेसून अंक वाटले. चोरीचं आहे हे ठाऊक असूनही मला ते आवडलं. तुझ्या वाटचं होतं, हे मात्र तुझं पत्र वाचेपर्यंत मनात आलं नव्हतं. मला वाटायचं, तुझ्याकडे खूप काही असेल. कॉन्व्हेंट, नोकरी, स्वतःची जागा.

आता पुरती वाट लागली आहे. काशीरामने जाहीर करून टाकलंय की साथीदार बाईंसमोर पेटीही वाजवणार. मला पट्ट्यांतलं काही कळत नाही, तुला माहीत आहे. तू भर सभेत उभी राहा, पण त्याआधी मीच माईकवर सगळं सांगेन. तू फक्त पेटीवर बस. आपली जुनी पेटी माळ्यावरून काढली आहे. स्प्रिंग अजून मेलेलीच. भाता मी धरतो.

कडीकुलपाची किल्ली कुठे ठेवली आहेस ते कळव.
तुझा,
लवू


अंधेरी (पश्चिम),
३ सप्टेंबर १९८६

चि. लवू यास,
आशीर्वाद, पूर्वीच्या मापाने.

सरळ रेघ मारलीस हे सरळ सांगितलंस, म्हणून येते. थरथरला असतास तर आले नसते.

बोटं संधिवाताने आखडली आहेत. रोज सकाळी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी तो पहिला अभंग वाजवते. शेजारची मृणालिनी परवा विचारत होती, काकू, या वयात टायपिंग शिकताय का? मी म्हटलं, हो, एका भामट्याला नोटीस पाठवायची आहे.

माईकवर थोडकंच बोल. रडलास तर मी उठून निघून जाईन. आणि टोपी घालून येऊ नकोस.

लोभाचं चौदा तारखेनंतर बघू.
ताई


अंधेरी (पश्चिम),
१९ सप्टेंबर १९८६

चि. लवू यास,
आशीर्वाद. आज हात राखायचा मला काही अधिकार नाही.

चौदा तारखेला तू कबूल केल्याप्रमाणे वागलास. रडला नाहीस, टोपी घातली नाहीस आणि लोकांना सांगितलंस की पेटी माझ्या ताईने वाजवली, मी नुसता भाता हलवत होतो. मग टाळ्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. काशीरामला आपली जुनी पेटी स्टेजवर शोभणार नाही असं वाटलं, म्हणून त्याने भाड्याची नवी कोरी आणून ठेवली होती. तुझ्यावर पुन्हा खुर्च्यांजवळ उभं राहायची पाळी आली आणि तू तिथून हसत होतास. मी एकटीच वाजवलं. शाल मिळाली. हे सगळं तू पाहिलंस.

पुढचं तू पाहिलेलं नाहीस. कार्यक्रमानंतर बाजूच्या खोलीत बाईंनी मला जवळ बसवलं. त्यांची गाडी उशिरा पोचली होती, त्यामुळे तुझं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. माझं वाजवणं तेवढं त्यांनी ऐकलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, बाळ, बोटं तीच आहेत गं, अजून शाळेतल्या मुलीसारखी एक-दोन-तीन मोजतात. पण आज तो श्वास नव्हता. त्या दिवशी मी ओळ जिथे उचलायची तिथे पेटी भरून यायची, मी सोडायची तिथे ओसरायची. माझ्या एवढ्या साथीदारांत तसं कोणाचं ऐकलं नाही. ते बोटांचं काम नव्हे, भात्याचं होतं. भात्यावर कोण बसलं होतं गं?

लवू, माझ्या खांद्यावर शाल होती. मी सांगितलं, चाळीतलं कोणी पोर होतं, नाव आठवत नाही.

अकरा वर्षं नन्सनी मला खोटं बोलू नये म्हणून शिकवलं आणि मी एका दमात बोलून मोकळी झाले. तेवढ्यात मंडळाच्या बायका चहा घेऊन आल्या आणि विषय राहिला. तू त्या वेळी बाहेर माझ्यासाठी रिक्षा शोधत भिजत होतास. स्टेशनपर्यंत सोडायला आलास, आणि शाल ओली होईल म्हणून छत्री माझ्याच डोक्यावर धरलीस.

तू माझं नाव एका रेघेने खोडलंस म्हणून मी तुला चोर ठरवलं. मी तर तुझं नाव बाईंच्या तोंडावर खोडलं, तेही तू मला सगळं परत दिल्यावर तासाभराच्या आत. शिवाय ते वाक्य, जे मी छत्तीस वर्षं उशाला घेऊन झोपले, ते माझं नव्हतंच. तुझं होतं. तू लेखात आपल्या नावावर छापलंस, तेवढंच काय ते त्या लेखात बरोबर होतं.

बाईंचा नंबर डिरेक्टरीत शोधायला मला दोन मिनिटं लागली. फिरवायला चार दिवस. काल फिरवला. सांगितलं की त्या पोराचं नाव लवू, माझा धाकटा भाऊ. बाईंनी विचारलं, आता आठवलं का? मी म्हटलं, विसरले कधीच नव्हते. तर हसल्या. म्हणाल्या, गाणाऱ्यांच्या घरात हे नवीन नाही. रविवारी, अठ्ठावीस तारखेला, चार वाजता पार्ल्याला दोघं या, तीच पेटी आणा. आवाज आता उरला नाही, पण चहा उकळेपर्यंत एक अभंग होईल. पितृपक्षात नवीन काही करू नये म्हणतात. हे जुनंच आहे.

काशीरामलाही मी कार्ड टाकलं आहे. लिहिलंय की स्मरणिकेतला लेख बरोबर आहे, दुरुस्ती छापू नये. साथ लवूनेच केली होती. मी पट्ट्या दाबत होते.

लोभ कर की करू नकोस, ते तुझ्यावर सोडते. पण रविवारी ये.
ताई


मुलुंड (पूर्व),
२३ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र नंदाला वाचून दाखवत होतो, मध्येच तिने हातातून काढून घेतलं. मला पुढचं वाचता येत नव्हतं. तू समोर नव्हतीस म्हणून रडलो, उठून जायचं कारण नाही.

पण ताई, तू हुशार असून एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. तूच लिहिलंस की मी बाईंकडे पाठ करून बसलो होतो. अगदी खरं. मग बाई कधी श्वास घेतात ते मला दिसणार कसं? आणि गाण्यातलं मला तेव्हा काय कळत होतं, आता तरी काय कळतं?

मी तुझ्याकडे बघत होतो. तू इतकी घाबरली होतीस की बाईंच्या तोंडाकडून तुझी नजर हलत नव्हती. त्या ओळ उचलणार असं दिसलं की तुझे खांदे वर जायचे, ओळ संपली की खाली यायचे. खांदे वर गेले की मी भाता दाबायचो, खाली आले की सैल सोडायचो. एवढंच केलं. चौदा तारखेला नव्या पेटीवर तू एकटी होतीस. आपलेच खांदे आपल्याला कसे दिसणार?

बाईंना हे रविवारी तूच सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पुन्हा लेख लिहितोय.

साडेतीनला पार्ल्याच्या पुलावर पेटी घेऊन उभा राहतो. दुकानात स्प्रिंग मिळत होती, घेतली नाही.

लोभ असावा वगैरे लिहीत नाही. समोरच बसणार आहे.
तुझा,
लवू