उजवीकडे सरकणारा ठिपका

दि. ४ फेब्रुवारी
ती. काकांस, सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाचा तक्ता अखेर भिंतीवर लागला. एकेक देश म्हणजे एकेक ठिपका. शहरात राहणारी माणसं जास्त, तितका ठिपका उजवीकडे. माणशी उत्पन्न जास्त, तितका वर. सगळे कसे उजवीकडे चढत गेलेत. सर पहिल्यांदाच हसले.

खोली बरी आहे, फक्त खिडकी लागत नाही, उशाशी वारा भणभणतो. घरात तुमच्यासारखा सुतार असून माझ्या नशिबी ही खिडकी. तुम्हा दोघांशिवाय करमत नाही. काकूला नमस्कार. लोभ आहे तो पोटभर असू द्या.

तुमची खारूताई

दि. ११ फेब्रुवारी
चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. मला एका दमात कळलं, उजवीकडे सरकलं की माणूस वर जातो. आम्ही इतकी वर्षं डावीकडेच बसून राहिलो. तेव्हा दुकान विकून तुझ्याकडे शहरात यायचं नक्की केलंय. लाकूडवाल्याशी बोलणंही झालं, महिनाअखेर विसार घेतो. काकू कालपासून बोलत नाही, माझ्या रंध्याला तेल मात्र लावून ठेवते. आमच्यासाठी खोली बघ.

तुझा काका

दि. १५ फेब्रुवारी
ती. काकांस, सा. न.

हात जोडते, विसार घेऊ नका. ठिपका म्हणजे अख्खा देश, तुम्ही नव्हे. शहरं आणि उत्पन्न बहुतेक ठिकाणी बरोबरीनं वाढलेली दिसतात, पण कोण कोणाला ओढतं यावर भलेभले अजून भांडतात. काही देशांत शहरं फुगली आणि उत्पन्न जागचं हललं नाही. तुमच्या धंद्याचा तिथे चांगला जम बसलाय.

तुम्ही यावं असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहिताना रडू आलं. पण माझ्या तक्त्यापायी तुमचं दुकान जायला नको. रागवा, पण माया कमी करू नका.

खारूताई

दि. २६ फेब्रुवारी
चि. खारूताईस, अ. आ.

लाकूडवाल्याला नाही म्हणून सांगितलं. काकू बोलायला लागली, आता थांबत नाही.

खरी गंमत पुढेच. परवा जनगणनेचा कारकून सांगून गेला, आपलं गाव आता शहरात धरलं जाणार. वस्ती वाढली, शेती करणारे थोडेच उरले. म्हणजे आम्ही गावात झोपलो आणि शहरात उठलो. दुकानातलं स्टूलसुद्धा हललं नाही, उत्पन्न कालचंच. तुझ्या तक्त्यावरचा आपल्या देशाचा ठिपका मात्र आमच्या जिवावर केसभर उजवीकडे गेला असेल, दुरुस्त कर. काकू म्हणते, आता दुकानात इस्त्रीचा सदरा घालून बसा.

आणि खिडकीचं माप लगेच कळव. नवी चौकट घेऊन आम्ही दोघं येतो, चार दिवस राहू. घाबरू नकोस, शहरातून शहरातच येतोय. तुझा ठिपका जागचा हलणार नाही, खिडकी तेवढी लागेल.

तुझा शहरी काका