चर्चच्या पायरीवरचे बूट

१२ सप्टेंबर २०१७, तादुसाक, मोटेल

इथल्या जुन्या लाकडी चर्चच्या पायरीवर आम्ही सवयीने बूट काढले, देवळात काढतो तसे. बाहेर आल्यावर मी माझे घातले. ह्यांचे? माझं लक्षच गेलं नाही. पुढे पाऊण तासाने फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खाडी, बघायला कड्यापाशी गाडी थांबवली, तर हे ओल्या दगडांवर नुसत्या मोज्यांत उभे.

"अहो, बूट चर्चपाशीच राहिले!"

"कुठलं चर्च?"

थट्टा नव्हती. खरंच विचारत होते.

मग त्याच वळणांवरून ह्यांनीच गाडी मागे आणली. बूट पायरीवर तसेच होते. आम्हाला जायचंय ते हॅलिफॅक्स अजून दोन दिवस लांब. मुलीला फोन करू? सांगू काय?

आत्ता हे वॉशरूममध्ये गेल्यावर गाडीची किल्ली माझ्या बुटात लपवली. पण गाडी मला कुठे चालवता येते?