ग्लास कोणी दिला

२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आमच्या ठमीच्या शाळेत सोमवारी, अकरा तारखेला, दारू आणि गाडी या विषयावर तू बोलणार आहेस, हे तिच्याकडून कळलं. तू मात्र अवाक्षर कळवलं नाहीस. मामा इतका हळू बोलतो की मुलं घोरायला लागतील, असं ती म्हणते. मी दटावलं तिला.

दादा, एक मागणं आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुझ्या बाबूच्या हातात ग्लास ह्यांनी दिला, हे तिथे बोलू नकोस. सतराव्या वर्षी बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात शिकू दे, असं ह्यांना वाटलं. तास-दीड तासात तो तुझी गाडी घेऊन निघाला आणि पुलाच्या कठड्यावर आदळून जागीच गेला. ठमी तेव्हा सहलीला गेली होती. तिला वडिलांचं यातलं काही ठाऊक नाही.

जेवायला घरीच ये.

तुझी,
धाकटी

५ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ही सव्विसावी शाळा. थकलो आहे, खोटं कशाला सांगू. हे कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेच्या बाई मुलांना एक चष्मा घालायला देतात. प्यायलेल्या माणसासारखं दिसतं त्यातून, सरळ रेषेवर चालता येत नाही. मुलं खिदळतात. मग मी दहा मिनिटं बोलतो. शेवटी कोणीतरी विचारतंच, ग्लास दिला कोणी? ओळखीच्यांकडे मिळाला, म्हणतो. मुलांचे चेहरे लगेच मिटतात. त्यांना कळतं, मी काहीतरी लपवतोय.

भाऊजींचं नाव मी घेणार नाही. पण तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. ग्लास घेण्याआधी बाबूने माझ्याकडे पाहिलं होतं. मैदानावर त्याला गाडी शिकवायचो, तेव्हा वळण घेण्याआधी तो असाच बघायचा. मी मान हलवली की वळायचा. त्या दिवशीही मी मान हलवली.

सोमवारी एवढंच सांगणार आहे. भाऊजींना हे पत्र दाखव.

लोभ असू दे, जमेल तेवढा.

दादा

८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

दोन वर्षं मी सगळा राग ह्यांच्यावरच काढला. तू हे आधी सांगायला हवं होतंस.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, मग ठमीला समोर बसवून स्वतःच सांगितलं. ती जेवली नाही. त्यांच्याशी बोलतही नाही.

सोमवारी हे शाळेत येणार आहेत. मुलांनी विचारलं तर उभा राहीन, म्हणतात. मी अडवणार नाही. ते उभे राहिले, तर भिडेखातर तू त्यांना खाली बसवू नकोस.

राग आहे, मायाही आहे. दोन्ही ठेवून घे.

तुझी,
धाकटी