परसातली साल

मालाकातोस, ७ एप्रिल १८६८

चिरंजीव फेर्मीन यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मका बरा आलाय. चुलीपाशी गिनीपिगांची इतकी पिल्लं झालीत की पाय ठेवायला जागा नाही. बाबांचे गुडघे धरलेत, पण परसातल्या सिंकोनाच्या, आपल्या तापाच्या सालीच्या झाडावरच्या अळ्या वेचल्याशिवाय अजून ते न्याहारीला बसत नाहीत.

तुझा निरोप मिळाला. ग्वायाकिलच्या हिवतापाने तुझ्या बायकोला, डेल्फिनाला गाठलं, आणि बाबांनी पाठवलेली परसातल्या सालीची पुडी तू तिच्यासाठी काढणार आहेस. ती देऊ नकोस. का, ते सांगितल्याशिवाय तू ऐकायचा नाहीस.

आपल्या धाकट्या रोसेंदालाही ताप आला होता. बाबांनी परसातलीच साल काढली, सवयीने चावून पाहिली. "कडूजहर आहे, पोरी. घे."

ती म्हणाली, "बाबा, ही नुसती लाकडासारखी लागते."

"आजाऱ्याच्या जिभेला काय कळतंय?"

जन्मभर साली चाखून बाबांच्या तोंडात कडूपणा मुरलाय रे. उसाचा रससुद्धा कडू म्हणायचे आणि आपण हसायचो, आठवतं? पोर रोज तो काढा निमूट प्यायली. लेंटच्या उपवासांच्या पहिल्या आठवड्यात गेली. तुला इतके दिवस कळवलं नाही, कारण कागद पुढे घेतला की हात चालत नव्हता.

नंतर मी ती साल चावली. भुसा. मग साल काढणाऱ्यांबरोबर डोंगरावर गेले. तिथलं एक खुरटं झाड, पानांची किडीने चाळण झालेली. त्याची साल तोंडात घातली आणि पाणी पिऊन पिऊन थकले, तरी कडूपणा जाईना. "ज्याला कीड छळते तेच झाड कडू होतं," असं बाबाच पूर्वी सांगायचे. किडीला मारायला झाड विष करतं आणि आपण त्याला औषध म्हणतो. परसातल्या झाडाला बाबांनी लेकरासारखं जपलं. ते कशाला विष करेल? निदान मला तरी असंच वाटतं.

उबाल्दोच्या खेचरावर डोंगरातली साल पाठवते आहे. आधी तू चावून बघ. डोळ्यांत पाणी आलं तरच डेल्फिनाला दे.

आणखी एक मागणं आहे. औषध द्यायला उशीर झाला म्हणून रोसेंदा गेली, असं बाबा समजतात. तेवढ्या समजाच्या आधारावर ते उठतात-बसतात. डेल्फिनाचं काय झालं, हे रोज विचारतात. ती बरी झाली तर त्यांना लिही, तुमच्याच सालीने उतार पडला.

नाही झाली, तरी तेच लिही. खरं मला कळव.

तुझी, आता एकुलती उरलेली बहीण,
हासिंता