मंदाबाईचा नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार
आंधळगावात माझा दातांचा दवाखाना सुरू झाला एकदाचा! नागपूरच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हर्षा, तिथे माशा मारत बसशील. पहिल्याच सकाळी ओसरीत चपलांची लांबलचक रांग. माणसं मात्र लिंबाखाली गप्पा मारत बसलेली. इथे नंबर चपलेचा लागतो, असं माझे कंपाउंडर ताराचंदभाऊ म्हणाले. साठीचे आहेत, मिशीतल्या मिशीत हसतात. चपलेची कंबर दुखत नाही म्हणे! मला फार गंमत वाटली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नव्याचे नऊ दिवस संपले. चपला ओसरीत आणि मालक बाजारात, हे काही मला चालायचं नाही. आज मावसबहिणीचं लग्न, नागपूर गाठायची घाई, आणि पहिल्या चपलांची बाई जागेवर नाही. एका पट्ट्याला सुतळी बांधलेली होती. दोनदा पुकारा करून मी त्या पायानेच बाजूला सारल्या. सगळ्यांचं आटोपल्यावर कळलं, ती बाई, मंदाबाई, शेजारच्या हातपंपावर थुंकायला गेली होती. गाल सुजलेला, तोंड उघडेना, म्हणून ओ देता आली नाही. मी घाईघाईत गोळ्या लिहिल्या आणि सोमवारी या म्हटलं. सूज हनुवटीखाली उतरली होती. मी ती पाहिली होती. तिला तेव्हाच भंडाऱ्याला पाठवायला हवं होतं. वहीत खोटं कशाला लिहू?

१७ नोव्हेंबर, सोमवार
मंदाबाई काल गेली. सूज गळ्यात उतरून श्वास कोंडला. तिचा नवरा जागेश्वर येऊन गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तिचा नंबर पयला होता, मॅडम," एवढंच म्हणाला. "आता नंबर घेतल्याबिगर ते जानार नाही."

१९ नोव्हेंबर
रांगेत सर्वांत पुढे त्याच चपला. सुतळीसकट. पुकारा केला, कुणी उठलं नाही. हा जागेश्वरचाच उद्योग. मला संताप आला, चपला उकिरड्यावर फेकल्या.

२१ नोव्हेंबर
आज परत. तिथेच. ताराचंदभाऊ आता हसत नाहीत. म्हणाले, मंदाबाईच्या चपला तिच्या सरणावरच ठेवल्या होत्या, जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या.
दुपारपासून माझी उजवी खालची दाढ ठणकते आहे. कीड नाही, काही नाही. आरशात पुन्हा पुन्हा पाहिलं.

२२ नोव्हेंबर, सकाळ
तोंड उघडत नाही. दातांत बोटही जात नाही. सूज हनुवटीखाली. इंजेक्शनाचा काही उपयोग नाही. पुढे काय होतं ते मला कुणी सांगायला नको.
चुकलं माझं, मंदाबाई. ऐकता का? — पण तुम्हाला माफी नकोच आहे.

दुपार
भंडारा. जबड्याच्या सर्जनचा दवाखाना. नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. बोलता येत नाही, म्हणून वही हातात. गिळता येत नाही. पुढचा नंबर माझा —

नाव पुकारलं. मी उठतेय तोवर कोपऱ्यातली बाई उठली. गालावर पदर. म्हणाली, हो, मीच हर्षा. आवाज माझा. अगदी माझा —

आत गेली. दार लागलं. इथला कंपाउंडर मला बस म्हणतो — श्वास — लिहून दाखवते त्याला —

भाऊ, आत गेली ती मेलेली आहे. मी अजून